सातबाऱ्यावर नसलेलं

8 ऑक्टोबर 2025, अणदूर

काल मुंबईत अतिवृष्टीच्या मदतीचा आकडा जाहीर झाला, 31 हजार 628 कोटी रुपये. आज सकाळी स्टँडवरच्या हॉटेलात दुसरा विषय नव्हता. कुणाचं सोयाबीन पाण्यात कुजलं, कुणाच्या उभ्या पिकात शेंगांना कोंब फुटले, कुणाची दावणीची जनावरं गेली. जो तो आपलं नुकसान त्या आकड्यात बसवून बघत होता. मी एकाच ओळीपाशी अडकलो. जमीन खरडून गेली असेल तर हेक्टरी 47 हजार रुपये रोख, आणि ती पुन्हा भरून घ्यायला रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंत.

उभी नोकरी अर्थशास्त्र शिकवण्यात गेली. जमीन, श्रम, भांडवल, संयोजन. त्यातली जमीन म्हणजे निसर्गाची देणगी, तिला उत्पादनखर्च नाही, असं प्रत्येक क्रमिक पुस्तकात असतं. आज सरकारी कागदावर त्या देणगीपुढे रुपये लिहिलेले दिसले. ती वाहून गेली म्हणून.

सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, आकार असतो, पोटखराबा असतो, विहीर असते, सोसायटीचा बोजा असतो. मातीची खोली नसते. त्यामुळे ज्याची सगळी माती सीना नदीनं नेली, त्याच्याही उताऱ्यावर आज दोन हेक्टरच आहेत. कागदावर त्याचं काहीच गेलेलं नाही.

11 ऑक्टोबर

परंड्याकडे आत्याच्या घरी जाऊन आलो. सप्टेंबरच्या शेवटी भूम-परंड्यात जे पाणी आलं, त्याची चित्रं टीव्हीवर पाहिली होती. रान डोळ्यांनी बघणं वेगळं.

नदीकाठची पट्टी म्हणजे त्या घराचा अभिमान होता. ज्वारीला पाणी द्यायची गरज पडू नये इतकं खोल काळं रान. आता तिथे पिवळसर मुरूम उघडा पडलाय. मधे एक पट्टा तर असा, की पाण्यानं चर खणून खालचा कातळ धुऊन काढलाय. बांधावरच्या बाभळीची मुळं कमरेएवढ्या उंचीवर हवेत लोंबताहेत, म्हणजे तेवढी जमीन खाली गेली. आत्याचा मुलगा दादा काठीनं ती उंची दाखवत होता.

"इथं उभा राहिलो की माझं डोकं कुठं यायचं, तिथं आता हात पुरत नाही," म्हणाला. मग बराच वेळ काही बोललाच नाही.

परत येताना गाडीत हिशोब घातला. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. फूटभर जाडीची माती म्हणजे तेवढेच घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे 435 ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर माल बसतो. एका एकराला फूटभर माती परत द्यायची तर चारशेवर ट्रॉल्या. रोख आणि रोजगार हमी दोन्ही पुरेपूर मिळाले असं धरलं, तर एकरी 1 लाख 40 हजार होतात. ब्रासला सव्वातीनशेच्या आत. त्यात खोदाई, भराई, वाहतूक आणि पसरणी आली. मातीचा स्वतःचा भाव शून्य धरलाय.

मदत कमी-जास्त हा वाद बाकीचे घालतील, घालावाही. मला खटकतं ते हे, की ती माती आणायची कुठून, हे कुठल्याच आदेशात लिहिता येत नाही. तलावातला गाळ आणला तरी तोही वरच्या कुणाच्या तरी रानातूनच वाहून आलेला. या काळ्या कातळापासून इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. त्या कारखान्याला दुसरी पाळी लावता येत नाही.

14 ऑक्टोबर

जुन्या टिपणांत शोधून काढलं. 1997 च्या मे महिन्यात ‘नेचर’मध्ये रॉबर्ट कोस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला होता. हवा-पाण्याचं नियमन, मातीची निर्मिती, परागीभवन, कचऱ्याचं विघटन अशा सतरा सेवा धरून त्यांनी पृथ्वीच्या फुकट कामाचं वर्षाचं मोल काढलं, सरासरी 33 लाख कोटी डॉलर. त्याच लेखानुसार तेव्हा सगळ्या जगाचं वार्षिक उत्पन्न 18 लाख कोटी डॉलरच्या आसपास होतं.

त्या लेखावर टीका भरपूर झाली. सगळीच हवा, सगळंच पाणी गेलं तर विकत घ्यायला माणूसच उरणार नाही, मग एकूण किमतीला अर्थ काय, हा आक्षेप मला तेव्हाही पटला होता. जगाच्या बेरजेचा आपल्याला उपयोग नाही. उपयोग आहे तो थोडं कमी-जास्त झालं तर काय होतं, या प्रश्नाचा. फूटभर माती गेली तर किती, विहीर एक परस खाली गेली तर किती, बांधावरचं एक मोहोळ जाळलं तर किती. हा हिशोब अणदुरात बसून करता येतो. तो इथल्या लोकांनीच केला पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाला मोहोळ कुठल्या झाडाला आहे हे माहीत नाही.

3 नोव्हेंबर

शेजारच्या अण्णांची गाय गेली. गावाबाहेर जेसीबीनं खड्डा घेतला, वर मीठ टाकून पुरली. भाडं ऐकून अण्णांची सून म्हणाली, मेल्यावरही खर्च सुटत नाही.

माझ्या लहानपणी हा खर्च नव्हता. मेलेलं जनावर ओढून माळावर टाकलं की कातडं सोलून नेणारे यायचे आणि मग गिधाडं. संध्याकाळपर्यंत सापळा मोकळा. वास नाही, रोगराई नाही. आज तालुक्यातल्या शाळकरी पोरांना गिधाड चित्रातच दाखवावं लागतं.

त्यांचं काय झालं हे आता पक्कं कळलेलं आहे. जनावरांच्या दुखण्या-सुजेवर डायक्लोफेनॅक नावाचं औषध नव्वदच्या दशकात स्वस्तात मिळायला लागलं. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. भारतातल्या मुख्य तीन जातींची गिधाडं शंभरातली पंच्याण्णवहून जास्त संपली. औषध त्यांना मारतंय हे 2004 मध्ये सिद्ध झालं, 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली.

इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी पुढचा हिशोब केला, तो 2024 मध्ये छापून आला. जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे मुळातच नव्हती, अशा जिल्ह्यांतल्या मृत्यूंची त्यांनी तुलना केली. गिधाडं गेल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांहून जास्त वाढलं. उघड्यावर सडणारी जनावरं, त्यांवर पोसलेली भटकी कुत्री, त्यांच्यामुळे पसरणारं रेबीज, पाण्यात उतरणारी घाण. 2000 ते 2005 या काळात सुमारे पाच लाख जादा मृत्यू. वर्षाचं नुकसान जवळपास 69 अब्ज डॉलर.

पाच लाख माणसं. हा आकडा लिहिताना हात थांबला. यातल्या एकाही घराला आपलं माणूस गिधाडं संपल्यामुळे गेलं हे कळलं नसेल. पंचनामा झाला नाही, मदत जाहीर झाली नाही. पुरानं नेलेली माती निदान दिसते तरी.

16 नोव्हेंबर

तूर फुलोऱ्यात आहे. सकाळी दहाच्या सुमारास ऊन चढलं की रानात नुसता घुमारा उठतो. काळा भोंगा तुरीच्या फुलावर बसला की त्याच्या वजनानं खालच्या पाकळ्या दबतात, आतला पिवळा पराग त्याच्या पोटाला लागतो, आणि तो उडाला की फूल पुन्हा मिटल्यासारखं होतं. एका फांदीपुढे उभा राहून हे बराच वेळ बघितलं. तुरीचं फूल आपलं आपणही फळतं, पण या पाहुण्यांनी फेरा घातला की शेंगा जास्त धरतात.

मधमाशीची मजुरी काय, हे आमच्या घरात आईला माहीत होतं. सूर्यफुलाचं पीक इकडे जोरात होतं तेव्हाची गोष्ट. फुलं मोठमोठी यायची आणि मधे दाणे पोचट निघायचे. कृषी सहायकांनी सांगितलं, सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळा आणि एकेका फुलावरून हळुवार फिरवा, म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्याला लागतील. आई आणि काकू वडिलांच्या जुन्या धोतराचे तुकडे मनगटापर्यंत गुंडाळून उजाडता रानात जायच्या. फुलं त्यांच्या डोक्याच्या वर. हात वर करकरून खांदे भरून यायचे, कपाळावर, भुवयांवर पिवळी धूळ साचायची. दिवसाआड असं करत फुलोरा संपेपर्यंत. त्यांच्या कष्टाचे पैसे कुणी मांडले नाहीत, घरचंच काम ना. पण आज ते मजुरीनं करून घ्यायचं तर एकराला दोन बाया, दिवसाआड, पाच-सहा फेरे, आणि बाईमाणसाची हजेरी तीनशेच्या पुढे. तीन-चार हजार सहज गेले. माशा असत्या तर शून्य.

संध्याकाळी अण्णांशी बोललो. उद्या सकाळीच तुरीवर फवारा मारायचा त्यांचा बेत होता.

"अण्णा, मारायचाच असेल तर दिवस कलल्यावर मारा. सकाळी माशा फुलावर असतात."

"गुरुजी, संध्याकाळी गडी कुठं मिळतोय?" ते म्हणाले.

त्यांचं खरं आहे. गडी सकाळचाच मिळतो, पंपही भाड्याचा असतो. पीक कर्जाच्या तक्त्यात बियाणं, खत, औषध, मजुरी सगळ्याला रकाना आहे. माशांसाठी फवारणी संध्याकाळवर ढकलली तर त्या अडचणीचे पैसे मागायला जागा नाही. मग अण्णांनी एकट्यानं तो तोटा का सोसावा? शेवटी मीच म्हटलं, उद्या दोघांचा मिळून एकच गडी संध्याकाळी लावू, त्याला जादा पैसे देऊ. ते तयार झाले.

26 नोव्हेंबर

चंपाषष्ठी. देव सध्या नळदुर्गात, मैलारपूरच्या मंदिरात आहेत. सकाळी जाऊन दर्शन घेतलं, भंडारा-खोबरं उधळलं.

आपल्या खंडोबाची ही रीत बाहेरच्या माणसाला सांगितली की तो चकित होतो. मूर्ती एक, मंदिरं दोन. सव्वादहा महिने अणदूर, पावणेदोन महिने नळदुर्ग. आणि देव न्यायचे-आणायचे तर दोन गावांच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. इतकी मोलाची गोष्ट कुणा एकाची नाही, पण तिची जबाबदारी कधी कुणावर, हे मात्र ठरलेलं.

येताना बोरी नदीच्या पुलावर थांबलो. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल 1613 साली इब्राहिम आदिलशहाच्या काळात बांधून झाला. बंधाऱ्याच्या पोटातल्या त्या महालापुढून पाणी कोसळताना बघायला लांबून लोक येतात. वरचं बोरीचं धरण भरलं की नर-मादी धबधबे सुरू होतात. त्याच धरणातून नळदुर्ग पितं, अणदूर पितं, तुळजापूर पितं. धरणात पाणी येतं ते मात्र वरच्या माळरानांवरून, ज्या गावांना या तिन्ही गावांच्या पाणीपट्टीतला एक रुपया जात नाही. तिथल्या शेतकऱ्यानं ताल धरली, माळावर गवत राखलं, तर धरणात गाळ कमी आणि पाणी जास्त. माळ नांगरून काढला तर उलटं. दोन्ही वेळा त्याच्या हातात सारखंच, काही नाही.

न्यूयॉर्कनं हा प्रश्न सोडवला तो मी वर्गात नेहमी सांगायचो. शहराचं बहुतेक पाणी कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या डोंगराळ खोऱ्यांतून येतं. ते गाळून शुद्ध करायला कारखाना उभारायचा तर खर्च 6 ते 8 अब्ज डॉलर. 1997 मध्ये शहरानं खोऱ्यातल्या गावांशी करार केला आणि दीडेक अब्ज डॉलर वरच घालायचं ठरवलं: तिथल्या शेतकऱ्यांनी गोठ्याचं पाणी ओढ्यात सोडू नये यासाठी मदत, घरांच्या शौचालयांच्या टाक्या दुरुस्त, जंगलाची जमीन राखणं. कारखाना लागला नाही. खालच्यांनी वरच्यांना मानानं पैसे दिले, इतकंच.

आपल्याकडे बिल कसं येतं तेही पाहिलंय. 2016 च्या एप्रिलमध्ये मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मे महिन्यात 6 कोटी 20 लाख लिटरचं सुमारे 4 कोटींचं बिल जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. लिटरला पासष्ट पैशांच्या जवळपास, नुसत्या वाहतुकीचे. ढग तेच काम करतात आणि घरापर्यंत आणून देतात. त्यांना पैसे देता येत नाहीत, पण त्यांनी आणलेलं पाणी जिरवून ठेवणाऱ्याला देता येतात. ते आधी दिले तर रेल्वेला देण्याची वेळ येत नाही, असं माझं ठाम मत झालेलं आहे.

7 डिसेंबर

हायवेवरून सोलापूरला गेलो. चौपदरीकरणात जुनी झाडं गेली त्या पट्ट्यात दुपारी दुचाकीवाल्याला थांबायला सावली नाही.

झाडाच्या किमतीचा एक आकडा आहे. पश्चिम बंगालमधल्या रेल्वे उड्डाणपुलांसाठी साडेतीनशेवर झाडं तोडायची होती. तेव्हाचे सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठानं तज्ज्ञांची समिती नेमली. 2021 मध्ये समितीनं सांगितलं, झाडाचं मोल त्याच्या वयाला 74,500 रुपयांनी गुणून धरा, त्यात 45 हजार नुसत्या प्राणवायूचे. साठ वर्षांची चिंच म्हणजे 44 लाख 70 हजार.

हा आकडा मला मानवत नाही. प्राणवायू बाटलीच्या भावानं मोजला की रक्कम फुगते आणि समोरचा मोजणीच झटकून टाकतो. चिंचेनं या गावाला दिलेलं सांगायचं तर तिची सावली, तिच्यावरचं आग्या मोहोळ, तिच्या मुळांनी धरलेला बांध, आणि दर साली उतरलेली चिंच सांगावी. रक्कम लहान येईल, पण कुणी खोडू शकणार नाही.

19 डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. भल्या पहाटेपासून घर जागं. भज्जी, उंडे, धपाटे, खीर, बिंदग्यात आंबील. कडब्याची खोप कालच उभी केली होती. पाच पांडव मांडले, पूजा झाली, आणि चारी बांधांवरून आंबील शिंपडत गेलो. सोलापुरात नोकरी करणारा पुतण्या आला, परंड्याहून आत्याचा दादाही आला. त्याच्या रानात यंदा पूजा मांडायला माती नाही, म्हणून आमच्याकडे आला.

जेवण झाल्यावर त्याला हरभऱ्यात नेलं. एक रोप मुळासकट हलक्या हातानं उपटलं. तंतुमुळांवर लहान लहान गाठी होत्या, काही मोहरीएवढ्या, काही जोंधळ्याच्या दाण्याएवढ्या. एक नखानं फोडली, आत मांसल गुलाबी. गुलाबी म्हणजे काम चालू. हवेत 78 टक्के नत्र आहे, पण पिकाला ते तसं घेता येत नाही. या गाठीतले जिवाणू ते धरून मुळाला देतात. युरियाची 45 किलोची गोणी आपल्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते, तिच्या खऱ्या खर्चाचा बराच मोठा भाग सरकार भरतं. म्हणजे कारखान्यात नत्र धरायला अनुदान आहे. शेतात नत्र धरणाऱ्या हरभऱ्याला, तुरीला बाजारात हमीभावही पुरता मिळत नाही, अशी वर्षं आपण पाहिली आहेत.

दादानं गाठी तळहातावर घेतल्या.

"हे जिवाणू माझ्या मुरमात येतील का रे?"

"येतील. पण नुसती गाळाची माती टाकून भागायचं नाही. शेणखत घाल, पहिली दोन वर्षं ताग पेरून गाड, मग हरभरा. बियाण्याला रायझोबियम चोळ."

"आणि तोवर खायचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. 47 हजारांत ती दोन वर्षं बसत नाहीत. जमीन खरडल्याची मदत एका हंगामाची धरली जाते आणि माती जिवंत व्हायला निदान चार-पाच हंगाम जातात. मदत रोख एकदम देण्यापेक्षा ताग गाडल्याचे, बांध घातल्याचे, शेणखत घातल्याचे पैसे दर हंगामाला पाहणी करून दिले तर अशा माणसाला रान सोडून पुण्याला जावं लागणार नाही. जाताना दादानं बादलीभर काळी माती मागून घेतली.

22 डिसेंबर

26 जानेवारीच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहिला. जैवविविधता कायदा 2002 सालचा. त्याप्रमाणे प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. त्यात झाडं, पक्षी, पिकांचे वाण यांच्या याद्या असतात. माझी मागणी, की यादीसमोर आणखी दोन रकाने घ्यावेत: ही गोष्ट कुणाच्या राखणीत आहे, आणि ती राखण्यापायी त्याला काय सोसावं लागतं. मोहोळाचं झाड कुणाच्या बांधावर, ताल कुणी धरली, बारव कुणी उपसली, गवताचं रान कुणी नांगराविना ठेवलं. दुसरी मागणी, बोरीच्या पाण्यावर जी पाणीपट्टी गोळा होते तिच्यातला ठरावीक हिस्सा वरच्या पाणलोटातल्या बांधबंदिस्तीला द्यावा.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना मसुदा दाखवला. त्यांनी नीट वाचला. रकाने घेता येतील म्हणाले, गावाच्या जैवविविधता समितीपुढे ठेवू. पाणीपट्टीचं एकट्या अणदूरला ठरवता येणार नाही, नळदुर्ग आणि तुळजापूरच्या नगरपरिषदांनाही मान्य व्हायला हवं, शिवाय वरच्या गावांशी बोलावं लागेल. बरोबर आहे. अर्जाच्या आणखी प्रती काढल्या. 3 जानेवारीला पौष पौर्णिमा, नळदुर्गात खंडोबाची यात्रा. दोन्ही गावांचे मानकरी आणि वरच्या वाड्यावस्त्यांवरची माणसं तिथे असणारच. प्रती घेऊन जाईन, आणि करार कसा लिहितात तेही मानकऱ्यांकडून वाचून घेईन.